गाव नसलेल्या मास्तरांचं गाणं

"सुखी माणूस खुर्ची सोडत नाही. नाचायला दुःखीच माणसं लागतात."

अदेल्मो बारालदी मास्तर हे म्हणाले तेव्हा मेलबर्नच्या कोबर्ग भागातल्या एका लग्नाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात उभे होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुणाच्या तरी ताटातला लाल रस्सा सांडला होता आणि तो पुसायचा सोडून ते दाराच्या फटीतून बाहेर बघत होते. बाहेर अख्खा हॉल नाचत होता. जमीन हलत होती, टांगलेले दिवे हलत होते, केकवरची साखरेची नवरानवरीसुद्धा हलत होती.

मी म्हटलं, "मास्तर, एवढी सगळी दुःखी?"

"निवेस, अगं बघ की. एक तरी खुर्ची भरलेली दिसतेय का?"

मी निवेस. आठवडाभर ब्रन्सविकच्या मोज्यांच्या गिरणीत यंत्रापुढे उभी राहायची आणि शनिवारी मास्तरांच्या बँडमध्ये दुसरा आवाज लावायची. पहिला आवाज कायम बदलायचा, कारण पहिला आवाज लावणाऱ्या मुली लग्न करून टाकायच्या, आणि तेही आमच्याच वाजवण्यावर. दुसऱ्या आवाजाकडे कुणी बघत नाही. म्हणून मी टिकले, आणि म्हणून मला सगळं दिसलं.

मास्तरांना गाव नव्हतं. आमच्या माणसांत हे लंगडेपणाहून मोठं व्यंग. मेलबर्नमध्ये दोन इटालियन भेटले की पहिला प्रश्न "कुठला?" आणि त्याला देशाचं नाव सांगून भागत नाही, जिल्ह्याचं सांगून भागत नाही. गाव सांगायचं. गाव सांगितलं की चर्चच्या घंटेच्या वरच्या अंगाला की खालच्या, तेही सांगायचं. मग समोरचा ठरवणार की तुम्हाला खुर्ची द्यायची की नाही. मास्तर जन्मले उत्तर इटलीत, पो नदीच्या सपाट मुलखात, रेल्वेच्या फाटकावरच्या चौकीत. वडील फाटकवाले. एक स्टेशन इकडे लांब, दुसरं तिकडे त्याहून लांब. कोणत्याच चर्चची घंटा तिथवर पोचायची नाही. पोचायची ती गाडीची शिट्टी. ते जहाजातून मेलबर्नला उतरले तेव्हा धक्क्यावर दक्षिण टोकाच्या कालाब्रियावाल्यांना न्यायला कालाब्रियावाले आले होते, उत्तरेच्या व्हेनेतोवाल्यांना व्हेनेतोवाले. फाटकवाल्यांचं कुणी आलं नव्हतं. मास्तर अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीवर बसून राहिले, आणि धक्का रिकामा होईपर्यंत लोक रडण्याच्या किती तऱ्हा करतात ते ऐकत राहिले. "कालाब्रियावाला श्वास घेताना रडतो, व्हेनेतोवाला सोडताना," ते मला सांगायचे. "तिथेच मी ठरवलं की ह्या धंद्यात राम आहे."

धंदा लगेच जमला नाही. आधी मोटारींच्या कारखान्यात दारं बसवली. कोणतं दार कोणत्या सुरात बंद होतं हे ते सांगायचे, आणि बेसूर दार पुन्हा उघडून बसवायचे म्हणून मुकादमाने त्यांना काढलं. मग एका बेकरीच्या मागची पिठाची खोली भाड्याने घेतली, रेडिओवाल्यांनी मोडीत काढलेलं टेपचं यंत्र आणलं, आणि रेकॉर्ड काढायला लागले. रेकॉर्डवरच्या शिक्क्याचं नाव ठेवलं 'काम्पानीले', म्हणजे घंटाघर.

त्या खोलीच्या भिंतींना आवाज शोषायला म्हणून मास्तरांनी लोकरीचे गठ्ठे लावले होते. न धुतलेली, मेंढीच्या अंगावरून थेट आलेली लोकर. उन्हाळ्यात आत शिरलं की वाटायचं कळप आत्ताच उठून गेलाय. ढोलवाला शिंकायचा. मास्तर त्याला ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "ठेक्यात शिंक." आवाज घुमवायचा असला की माईकची तार भिंतीवरून पलीकडे बोर्तोलो मेनेगोनच्या घरात जायची. बोर्तोलो मोझेकच्या फरशा बसवणारा, व्हेनेतोचा. त्याने स्वतःची मोरी जमिनीपासून छतापर्यंत मोझेकने मढवली होती. तिच्यात नुसतं खाकरलं तरी बिशप बोलल्यासारखं वाटायचं. मी टबात उभी राहून गायची आणि बाहेर बोर्तोलोची सासू टॉवेल घेऊन दार ठोकायची. एका रेकॉर्डवर ते ठोकणं आलंय. लोकांना ते फार आवडलं.

मास्तरांचं एकच दुखणं होतं: व्हायोलिनं. सगळी गाणी ते मनात व्हायोलिनांसाठी लिहायचे, आणि व्हायोलिनवाले परवडायचे नाहीत. मग तीन अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना भिंतीकडे तोंड करून, लोकरीत पार नाक खुपसून वाजवायला लावायचे. "डोळे मीट," मला म्हणायचे, "आता आली ना व्हायोलिनं?" मी डोळे मिटायची. मेंढ्या यायच्या. "आली," मी म्हणायची.

त्यांच्या नावाचा बोलबाला झाला तो लग्नातल्या बदामांमुळे. आमच्याकडे लग्नात प्रत्येक पाहुण्याला जाळीच्या कापडात बांधलेले साखरेचे पाच बदाम देतात, आणि त्यांच्याबरोबर एखादी वस्तू. काचेचा हंस, चिनीमातीची टोपली, काहीही, जे पुढे आयुष्यभर पुसत बसायचं. मास्तरांच्या डोक्यात आलं की हंस कशाला, रेकॉर्ड द्यावी. नवरानवरीचं नाव गुंफलेलं गाणं, छोटी तबकडी, मधल्या भोकातून रिबीन, रिबिनीला बदाम.

आणि नेमकं तेव्हाच ते गाणं झालं.

फेब्रुवारी सरता सरता आमच्याकडे टोमॅटोचा दिवस असतो. वर्षभराचा रस त्या एका दिवशी काढून बाटल्यांत भरायचा. बोर्तोलोच्या अंगणात पेट्यांच्या पेट्या आल्या होत्या, पिंपाखाली जाळ होता, धुतलेल्या बिअरच्या बाटल्या उन्हात उभ्या होत्या. यंत्राच्या दांड्यावर मी. वरून टोमॅटो घालायचे, दांडा फिरवायचा, एका तोंडातून रस, दुसऱ्यातून सालं आणि बिया. यंत्र जुनं होतं. दर तिसऱ्या फेऱ्याला अडायचं, मग मी खांदा लावून ढकलायची, मग ते एकदम सुटायचं.

मास्तर बुचं बसवत होते. त्यांचा हात थांबला.

"निवेस, थांबू नकोस."

"थांबलेय कुठे? अडतंय."

"तसंच अडू दे. तस्संच."

ते गुणगुणायला लागले. फिर, फिर, अड, सूट. अडलं की सूर वर जाऊन लोंबकळायचा, सुटलं की घरंगळत खाली यायचा. त्यात रडू होतं की हसू, ठरवता येईना. अंगणातल्या बायका पाय आपटायला लागल्या. बोर्तोलो म्हणाला, "मास्तर, आधी बाटल्या भरा, गाणी मग." मास्तर कोपरापर्यंत लाल हातांनी कुंपणावरून उडी मारून लोकरीत शिरले. तिथे दाराच्या मुठीवर उमटलेला लाल पंजा पुढे कितीतरी दिवस तसाच होता.

पहिलं गिऱ्हाईक कोझिमो स्कार्फो. कालाब्रियाचा, भाजी-फळांचं दुकान, थोरल्या मुलीचं लग्न. आम्ही दुकानात गेलो. मास्तर म्हणाले, तुमच्या मुलीसाठी नवं गाणं केलंय.

"नवं?" कोझिमो वांगी रचत म्हणाला. "लग्नात नवं काय करायचंय? नवरा नवा आहे तेवढं पुरे."

"ऐकून तर बघा."

"मास्तर, राग मानू नका. माझे पाहुणे सगळे गावचे. त्यांना गावचं पाहिजे. तुम्ही पडलात फाटकावरचे."

मास्तरांचे कान लाल झाले. आणि मग ते जे बोलले ते मला वाटतं त्यांच्याही आधी त्यांच्या तोंडाने ठरवलं होतं. "नवं म्हणजे मांडणी नवी. गाणं तुमच्याच गावचं आहे. जहाजावर तुमच्याकडची एक म्हातारी होती, तिच्याकडून घेतलं."

"कोणती म्हातारी?"

"डोक्याला काळा रुमाल होता."

डोक्याला काळा रुमाल नसलेली म्हातारी आमच्यात अजून जन्माला यायचीय. पण कोझिमोने वांगी खाली ठेवली. "म्हणजे मिकूची सासू," तो म्हणाला. "गायची ती. बरोबर. गायची."

"तीच असेल."

"वाजवा पाहू."

मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियन उघडलं. दुसऱ्या कडव्याला कोझिमोच्या डोळ्यांतून पाणी. "हेच," तो म्हणाला. "हेच. आम्ही लहानपणी द्राक्षं तुडवताना हेच म्हणायचो." आणि पुढचा सूर, जो त्याने जन्मात ऐकला नव्हता, तो मास्तरांच्या आधी त्याने लावला. बरोबर लावला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मास्तर, पाप आहे हे."

"पाप नाही, निवेस. जाहिरात आहे."

त्यानंतर ती जाहिरात धावत सुटली. व्हेनेतोवाल्यांना सांगितलं, तुमच्या डोंगरातला एक मिशीवाला म्हातारा भेटला होता. आब्रुझ्झोवाल्यांना सांगितलं, तुमच्याकडचा एक मेंढपाळ. प्रत्येक घराला त्यांच्या बोलीत शब्द, प्रत्येकाला जरा वेगळी चाल, आणि रेकॉर्डवर ठसठशीत 'पारंपरिक'. हे सगळे एकमेकांच्या लग्नांना जायचे, तेव्हा भांडं फुटेल असं मला वाटायचं. फुटलं नाही. कालाब्रियावाले व्हेनेतोवाल्यांच्या लग्नातून परतताना म्हणायचे, "ऐकलंत? आमचं गाणं उचललं मेल्यांनी." व्हेनेतोवाले म्हणायचे, "त्यांच्याकडे कुठलं गाणं, त्यांच्याकडे नुसती मिरची." रविवारी सकाळी रेडिओच्या इटालियन कार्यक्रमात ते लागायचं आणि निवेदिका गंभीर आवाजात सांगायची की हे गीत शतकानुशतकं चालत आलं आहे. मास्तर लोकरीवर पडून पोट धरून हसायचे. मीही हसायची. हसता हसता कधी कधी मला वाटायचं की आपण एका विहिरीत खडा टाकलाय आणि त्याचा तळाला लागल्याचा आवाज अजून आलेला नाही.

आवाज सिडनीहून आला. हॅल्किट नावाचे साहेब, मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे. दारात उभे राहून शिंकले, आणि आत येऊन पुन्हा शिंकले. त्यांनी सांगितलं ते मी मास्तरांना आमच्या भाषेत सांगत गेले. साहेब एकदा पीच घ्यायला थांबले तर फळवाला एक चाल शिट्टीवर वाजवत होता. घरी आले तर घराची विटांची भिंत बांधणारा तीच वाजवत होता. साहेबांना रात्रभर ती डोक्यातून जाईना. विचारलं कुणाची, तर फळवाला म्हणाला आमच्या गावची. गवंडी म्हणाला फळवाला खोटारडा आहे, आमच्या गावची. माग काढत काढत ते ह्या पिठाच्या खोलीत आले होते.

"तर गाणं कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मास्तर म्हणाले.

"मला भेटलेला प्रत्येक जण हेच म्हणाला. आणि तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डवर तर 'पारंपरिक' छापलंय."

"ते विक्रीसाठी."

साहेब हसले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. लोकगीत असेल तर कुणीही वाजवावं, संगीतकार लागतोच कशाला; कंपनी आपला वाद्यवृंद घेईल आणि वाजवेल. पण गाणं मास्तरांचं असेल तर मास्तरांनीच सिडनीला यावं, नोकरीवर, गाणी करायला आणि रेकॉर्ड काढायला. काचेमागे बसायचं. समोर व्हायोलिनं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिली रेकॉर्ड हीच, आणि तिच्यावर नाव अदेल्मो बारालदी. अट एकच. जे लोक ते आपलं म्हणतात त्यांनी एकदा साहेबांसमोर मान्य करावं की आपलं नाही. नाहीतर उद्या देशातला प्रत्येक फळवाला कंपनीच्या दारात उभा.

मी म्हटलं, "मी सांगते ना साहेब. मी होते तिथे. दांडा माझ्या हातात होता."

"तुम्ही त्यांच्या बँडमधल्या," साहेब नम्रपणे म्हणाले.

मास्तर लोकरीकडे तोंड करून उभे राहिले. तोंड न वळवताच म्हणाले, "शनिवारी लग्न आहे. स्कार्फोची धाकटी मुलगी आणि मेनेगोनचा मुलगा. सगळी गावं एका हॉलात येतील. साहेबांना सांग, तिथे या. मी उभा राहून सांगतो."

"मारतील तुम्हाला," मी म्हटलं.

"मारू देत. निवेस, व्हायोलिनं. खरीखुरी."

त्या लग्नाची तबकडी आधीच छापून झाली होती आणि तिच्यावरूनही रणकंदन झालं होतं. एका बाजूला कालाब्रियाचं गाणं, दुसऱ्या बाजूला व्हेनेतोचं. पण पहिली बाजू कुणाची? कोझिमो म्हणाला, मुलीकडचे आम्ही, खर्च आमचा. बोर्तोलो म्हणाला, मोरी आमची. शेवटी मास्तरांनी दोन्ही बाजूंवर 'पहिली बाजू' छापलं आणि दोन्ही व्याह्यांना वेगवेगळं बोलावून आपापली बाजू दाखवली.

शनिवारी मास्तर नवा कोट घालून आले. आरशासमोर म्हणून पाहिलेलं भाषण वाटेत त्यांनी मलाही ऐकवलं. छोटं होतं. मी कुणाचं गाव मागत नाही, फक्त गाणं परत मागतो, असं काहीतरी. चांगलं होतं. मला ढोलवाल्यासारखी शिंक यायला लागली, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

हॉलमध्ये हॅल्किट साहेबांना वधूपित्याच्या टेबलावर बसवलं होतं आणि कोझिमोची सख्खी, चुलत अशी सगळी माणसं त्यांना खाऊ घालत होती. एक ताट संपलं की साहेब कृतज्ञतेने हात जोडायचे, आणि तेवढ्यात दुसरं यायचं. दुपारचं ऊन पडद्यांतून आत येत होतं. आम्ही दोनचार नाच वाजवले. मग न सांगता, न ठरवता, हॉलच्या एका टोकाकडून कालाब्रियावाल्यांनी ते गाणं उचललं.

दुसऱ्या टोकाकडून लगेच व्हेनेतोवाले. आपल्या शब्दांत, आपल्या चालीत, त्यांच्यावर कुरघोडी करायला. मध्ये कुठेतरी आब्रुझ्झोवाले घुसले. मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियनवरचे हात उचलले. कारण ते एकमेकांवर आदळत नव्हतं. एकजण अडत होता तेव्हा दुसरा सुटत होता. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी जरा जरा वाकवलेल्या त्या चाली एकमेकींच्या खाचांत बसत होत्या. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं आणि भांडण सुरू झालं.

"काय हो व्याही," कोझिमो उभा राहून म्हणाला, "मुलगी दिली म्हणजे गाणंही न्यायचं का?"

"तुमचं?" बोर्तोलो म्हणाला. "माझे आजोबा डोंगरावरून लाकडं घेऊन उतरताना हे गायचे."

"तुमच्या आजोबांच्या तोंडात मक्याचा लगदा होता. त्यातून आवाज कसा फुटायचा?"

"आणि तुमच्या आजोबांनी मिरची खाल्ली की जे ओरडायचे त्याला तुम्ही गाणं म्हणता."

मी धीर करून म्हटलं, "बोर्तोलो भाऊ, तुमच्याच अंगणात झालं हे. टोमॅटोच्या दिवशी. तुम्हीच म्हणालात, आधी बाटल्या भरा."

बोर्तोलोने माझ्याकडे दयेने बघितलं. "अगं, त्या दिवशी मास्तरांना ते आठवलं. आठवणं वेगळं, करणं वेगळं."

हॅल्किट साहेबांनी तोंड पुसलं, खुर्ची मागे सारली आणि मला हळूच म्हणाले की आता विचारा. मला विचारावं लागलंच नाही. कोझिमोच म्हणाला, "मास्तरांना विचारू. मास्तरांना ना तुमचं गाव ना आमचं. ते सांगतील ते खरं. मी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, ते सांगतील ते मान्य."

"मलाही मान्य," बोर्तोलो म्हणाला. "बोला मास्तर. कुणाचं गाणं?"

साहेब मागत होते ते हेच. हॉलभर चमचे थांबले. मास्तर व्यासपीठावरून उतरले, माईक हातात घेऊन दोन्ही टेबलांच्या मध्ये आले. सवयीने त्यांनी माईकमध्ये फुंकर मारली.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या नव्या कोटाची बाही धरून ओढली. कोझिमोची आई, नुंझिया आजी. बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसली होती.

"इकडे ये रे. वाक जरा. ह्या गाढवांना काही माहीत नाही. कोझिमोलाही नाही. द्राक्षं तुडवताना म्हणे. कधी तुडवली त्याने द्राक्षं? लपून बसायचा."

"आई," कोझिमो म्हणाला.

"गप. मास्तर, गाणं माझ्या आईचं. ती माझ्या उवा काढायची तेव्हाचं. केसांना रॉकेल चोळायची, डोकं दोन गुडघ्यांत धरायची, आणि मी पळू नये म्हणून हे म्हणायची. गाणं संपेपर्यंत हलायचं नाही, असं ठरलेलं. आणि चालू म्हातारी संपवायचीच नाही." आजी हसली, तिला खालचे दात नव्हते. "मी पोरांना घेऊन इकडे आले. ती तिकडे राहिली. फोटो नव्हताच. आता मला तिचं तोंड येत नाही रे. डोळे मिटून बसते, तर भलत्यांचीच तोंडं येतात. परवा टीव्हीवरची बातम्यावाली आली. पण तुझी तबकडी लावली ना, की गुडघे येतात. इथे, दोन्ही कानांवर. घट्ट."

तिने दोन्ही तळवे कानांवर दाबून दाखवलं.

हॅल्किट साहेबांनी मला विचारलं, आजीबाई काय म्हणतात. मी सांगितलं, गाणं त्यांच्या आईचं आहे म्हणतात. "आणि हे?" त्यांनी मास्तरांकडे बोट केलं. मी म्हटलं, ते आता बोलतील.

मास्तर अजून वाकलेलेच होते. अगदी हळू म्हणाले, "आजी, नक्की हेच गाणं? दुसरं एखादं असेल. जवळपासचं."

"असं बघ," नुंझिया आजी म्हणाली, "उवा माझ्या, आई माझी, आणि गाणं दुसरं कसं असेल? म्हातारी झाले म्हणजे मी आईलाही ओळखणार नाही का?"

मास्तर सरळ झाले. माईक त्यांच्या हातात होता आणि त्यातून त्यांच्या श्वासाचा आवाज हॉलभर येत होता. पलीकडे साहेब खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. कोझिमो वाट बघत होता, बोर्तोलो वाट बघत होता, नवरानवरी एकमेकांचा हात धरून वाट बघत होती. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी होय म्हणून मान हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यांनी माईक टेबलावर आडवा ठेवला.

"काय ठरलं मास्तर?" कोझिमोने विचारलं.

"काय ठरायचंय," नुंझिया आजी म्हणाली. "वाजवा रे पोरांनो. बसून बसून माझे पाय झोपले."

आमच्या बँडला एवढंच लागायचं. ढोलवाल्याने ठोका दिला, अ‍ॅकॉर्डियनवाल्यांनी तेच गाणं पुन्हा धरलं, मधल्या मोकळ्या जागेत माणसं लोटली. आजी अनवाणी उठली आणि तिने हॅल्किट साहेबांना मनगटाला धरून ओढलं. साहेब काहीतरी विचारत होते, पण ते त्यांना नाचता नाचता विचारावं लागत होतं. बोर्तोलोने विहीणबाईंना धरलं, कोझिमोने टॉवेल घेऊन मोरीचं दार ठोकणाऱ्या बोर्तोलोच्या सासूबाईंना.

मास्तरांनी नवा कोट अंगातून काढून हातावर घेतला. दार समोर होतं आणि मध्ये सगळा हॉल फिरत होता. गर्दीत कोट चुरगळू नये म्हणून त्यांनी तो डोक्यावर उंच धरला, अंग तिरकं केलं, आणि त्या माणसांच्या मधून, एकाला वाट देत, दुसऱ्याच्या कोपरापासून वाचत, दारापर्यंत गेले. दार ढकललं. ऊन आत आलं. मास्तर बाहेर पडले.